अकरा नंबरचं पाणी

दिवाळीत घर भरलं की जेवणं झाल्यावर आमच्याकडे दोनच विषय निघतात, प्लॉटचे भाव आणि भुतं. यंदा प्लॉटचे भाव लवकर संपले. गच्चीवर सतरंज्या पडल्या, कोणीतरी दिवा घालवला आणि थोरल्या चुलतभावाच्या मुलीने सूत्रं हातात घेतली. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नुकतीच पहिली मोठी नाइट ड्युटी करून आलेली. त्यामुळे आमच्या पिढीचे पिंपळावरचे मुंजे आणि विहिरीवरच्या हडळी तिच्यापुढे फारच जुनाट वाटायला लागले.

तिची गोष्ट अशी. प्रायव्हेट वॉर्डातल्या अगदी टोकाच्या खोलीतले आजोबा संध्याकाळी गेले. खोली धुतली, गादी उभी केली, दार ओढून घेतलं. रात्री तीनच्या सुमाराला नर्सेसच्या टेबलामागच्या बोर्डावर त्याच खोलीचा लाल दिवा लागला आणि घंटा वाजायला लागली. ही पोरगी जागच्या जागी थिजली. सीनियर सिस्टर उठल्या, टॉर्च घेऊन गेल्या, दार उघडलं, आत उभं राहून म्हणाल्या, "आजोबा, झालं आता सगळं. झोपा निवांत." आणि परत येऊन चार्ट भरायला बसल्या. घंटा पुन्हा वाजली नाही.

गच्चीवर सामसूम. अशा वेळी गप्प बसावं हे मला अजून जमत नाही. मी म्हटलं, "अगं, बऱ्याच नर्स-कॉल सिस्टिममध्ये बटणाची वायर सॉकेटमधून निघाली की घंटा वाजावी अशीच रचना असते. नाहीतर वायर तुटलेला पेशंट रात्रभर बटण दाबत बसेल आणि कोणाला कळणारच नाही. खोली धुताना कोणीतरी वायर ओढली असणार. अर्धवट बसलेला प्लग हळूहळू सुटला आणि तीन वाजता निघाला. सिस्टरांनी आत जाऊन तो बसवला. संपलं."

"मग काका, त्या बोलल्या कशाला?"

याचं उत्तर मला आलं नाही. कोपऱ्यात आमची आत्या बसली होती. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होती ती, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. ती एवढंच म्हणाली, "बोलावं लागतं रे."

त्या एका वाक्यामुळे या वेळचा लेख भुतांवर आहे.

आधी एक गंमत सांगतो. मराठी भुतांची यादी तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. मुंजा सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, हडळ बाळंतपणात गेलेली, समंध इच्छा राहिलेला, चकवा वाट चुकवणारा, कोकणात आणि गोव्यात देवचार. प्रत्येकाला नाव आहे, राहायची जागा आहे, काय केलं म्हणजे धरतो आणि काय दिलं म्हणजे सोडतो याचे नियम आहेत. इस्पितळातल्या भुतांना यातलं काहीच नाही. नाव विचाराल तर "सहा नंबरचे बाबा" किंवा "बर्न्स वॉर्डातली बाई". ती कोणाला झपाटत नाहीत, मानगुटीवर बसत नाहीत. करतात काय, तर बेल वाजवतात, पाणी मागतात, पांघरूण मागतात, "माझा मुलगा आला का?" असं विचारतात. म्हणजे जिवंतपणी जे करत होते तेच. जपानमध्येही रिकाम्या खोलीतून येणारी बेल हा इस्पितळाच्या भूतकथांचा ठरलेला मालमसाला आहे. इंग्लंडमध्ये जुन्या गणवेशातली एखादी सिस्टर रात्री राउंड घेताना दिसते म्हणतात. भूत असूनही बिचारीची ड्युटी सुटत नाही.

आता माझ्या बाजूचं थोडं. मी सॉफ्टवेअरवाला. अमेरिकन क्लायंटच्या सपोर्टसाठी दोन वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे पहाटे चार म्हणजे काय हे मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. डोळे उघडे असतात आणि मेंदू दोन-चार सेकंद झोपून घेतो, याला मायक्रोस्लीप म्हणतात. झोप लागता लागता किंवा जाग येता येता आपल्याच नावाची हाक ऐकू येणं, कोणीतरी मागे उभं आहे असं वाटणं, हे ठणठणीत माणसांनाही होतं. मला ऑफिसात आईची हाक ऐकू आली होती. स्वच्छ, स्वयंपाकघरातून मारल्यासारखी. मी "आलो" म्हणून उठलोसुद्धा. समोर सिक्युरिटीवाला भाऊ. दोघंही घाबरलो.

इस्पितळात तर यात आणखी भर पडते. आयसीयूतल्या पेशंटना औषधं, ताप, अपुरी झोप यांमुळे डेलिरियम होतो. ते छताकडे बोट दाखवून "तो माणूस खाली उतरवा" म्हणतात, आणि तुम्ही पंधरावी रात्र जागत असाल तर नजर छताकडे गेल्याशिवाय राहत नाही. पेसमेकर बसवलेला माणूस गेला तरी ते यंत्र आपलं काम करत राहतं आणि मॉनिटरवर टोकं उमटत राहतात. मृतदेहाला कुशीवर वळवलं की छातीत राहिलेली हवा बाहेर पडते आणि उसासा ऐकू येतो. आत्या म्हणाली, पहिल्यांदा तिने तो ऐकला तेव्हा हातातला कापसाचा बोळा टाकून ती बाहेर पळाली होती. दुसऱ्यांदा नाही पळाली.

या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र एका इंजिनिअरची आहे. व्हिक टॅंडी त्याचं नाव, इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीचा. तो ज्या कंपनीत होता ती भूल देण्यासाठी आणि आयसीयूत लागणारी उपकरणं बनवायची. तिथल्या लॅबमध्ये भूत आहे अशी बोलवा होती. एका रात्री तो एकटा काम करत बसला होता. अंगाला गार घाम फुटला, मानेवरचे केस उभे राहिले आणि डोळ्याच्या कडेला करड्या रंगाची एक आकृती आली. धीर करून वळून पाहिलं, तर नाहीशी. तुम्ही-आम्ही दुसऱ्या दिवशी रजा टाकली असती. हा दुसऱ्या दिवशी तलवार घेऊन आला. भुतासाठी नव्हे. त्याला तलवारबाजीच्या स्पर्धेला जायचं होतं आणि पात्याचं काहीतरी काम करायचं होतं. पातं शिकंजात आवळलं आणि ते आपोआप थरथरायला लागलं. पुन्हा भूत! पण इंजिनिअरचं डोकं. पातं हलतंय म्हणजे कुठून तरी ऊर्जा मिळतेय. त्याने शिकंजा लॅबभर सरकवून पाहिला. खोलीच्या मधोमध थरथर सगळ्यात जास्त, टोकांना काही नाही. म्हणजे खोलीत ध्वनीची एक स्थिर लहर उभी होती. शोध घेत गेला तर नव्याने बसवलेला एक एग्झॉस्ट फॅन निघाला. त्याचा आवाज सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या जरासा खाली. फॅनच्या बसवणीत बदल केला, भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने हा प्रकार निबंध म्हणून छापला. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम इतका सरळ हाती लागला नाही, त्यामुळे प्रत्येक भुतामागे फॅन असतो असं म्हणता येणार नाही. पण इस्पितळात किती पंखे, कॉम्प्रेसर, लिफ्टच्या मोटारी आणि सक्शन पंप रात्रभर चालू असतात ते एकदा मोजून बघा.

आणखी एक. नर्सेस आणि डॉक्टर ड्युटीवर "आज शांत आहे" असं कधी म्हणत नाहीत. म्हटलं की तासाभरात तीन ॲक्सिडेंटच्या केसेस येतात म्हणे. आमच्याकडेही शुक्रवारी संध्याकाळी "सर्व्हर मस्त चाललाय" म्हणणाऱ्याकडे सगळे रागाने बघतात. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी हे चक्क तपासून बघितलं. काही दिवस "आज शांत दिवस असणार" असं मुद्दाम म्हणायचं, काही दिवस नाही म्हणायचं, आणि कामाचा ताण मोजायचा. काहीच फरक पडला नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात ते छापून आलं. हे मी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "छान. पण मी तरी म्हणणार नाही."

इथपर्यंत मी जिंकत होतो. पुढचा भाग मला तितका सोपा गेला नाही.

नर्सेसच्या अनुभवांत एक वेगळाच प्रकार आहे आणि त्यात भूत नर्सला दिसत नाही, पेशंटला दिसतं. दोन-तीन दिवसांत जाणारा माणूस शांतपणे सांगतो, आई आली होती, दारात उभी होती. आई जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. विल्यम बॅरेट या भौतिकशास्त्रज्ञाचं यावरचं पुस्तक १९२६ मध्ये निघालं. त्याची सुरुवात झाली ती त्याच्या डॉक्टर पत्नीने घरी येऊन सांगितलेल्या एका बाळंतिणीच्या गोष्टीने. त्या बाईला मरताना वडील दिसले आणि त्यांच्याबरोबर बहीणही दिसली. ती बहीण काही दिवसांपूर्वीच वारली होती, पण तब्येतीला धक्का बसेल म्हणून घरच्यांनी ते तिच्यापासून लपवलेलं होतं.

पुढे कार्लिस ओसिस आणि एर्लेंडुर हाराल्डसन या दोघांनी अमेरिकेत आणि उत्तर भारतात डॉक्टरांना आणि नर्सेसना विचारून असे अनुभव गोळा केले. त्यांचं पुस्तक १९७७ चं. त्यात अमेरिकन पेशंटांना बहुतेक वेळा मेलेले नातेवाईक दिसतात आणि ते खुशीने निघतात. आपल्या लोकांना देवदेवता किंवा यमदूत जास्त दिसतात आणि काही जण स्पष्ट नकार देतात, येणार नाही म्हणतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. जाताना तरी भांडावं की.

त्याहून गमतीदार काम बंगळुरूच्या निम्हान्सच्या सतवंत पसरीचा आणि इयन स्टीव्हन्सन यांचं आहे, १९८६ चं. मरता मरता परत आलेल्या भारतीयांच्या हकिकती त्यांनी नोंदवल्या. त्यांत पुन्हा पुन्हा एकच कथानक येतं. दोघं-तिघं येऊन घेऊन जातात, वर कोणीतरी वही उघडून बसलेला असतो, तो वही बघतो आणि ओरडतो, हा नव्हे, दुसरा आणायचा होता, याला परत सोडा. म्हणजे एकाच नावाची दोन रेकॉर्ड्स. जगभरातल्या इस्पितळांत औषध देण्याआधी पेशंटची ओळख किमान दोन गोष्टींनी पटवायची असा नियम आहे, नुसतं नाव चालत नाही, सोबत रजिस्ट्रेशन नंबर किंवा जन्मतारीख लागते. चित्रगुप्ताच्या ऑफिसात हा नियम अजून पोचलेला दिसत नाही.

थट्टा जाऊ दे. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये क्रिस्टोफर केर नावाचे डॉक्टर आहेत. ते सांगतात की तिथे नवीन असताना एका चाळिशीच्या पेशंटबद्दल ते म्हणाले, अँटिबायोटिक आणि सलाइन दिलं तर याला अजून वेळ मिळेल. तिथली अनुभवी नर्स म्हणाली, नाही, तो चाललाय, कारण त्याला त्याची गेलेली आई दिसायला लागली आहे. नर्सचं बरोबर निघालं. केर यांनी मग हा विषय रीतसर अभ्यासाला घेतला. २०१४ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका अभ्यासात ५९ पेशंटांना रोज विचारलं गेलं. त्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांना निदान एकदा तरी असं स्वप्न पडलं होतं किंवा दर्शन झालं होतं. मरण जसं जवळ येतं तशी गेलेली माणसं जास्त दिसतात आणि पेशंटांना त्याचं भय वाटण्यापेक्षा आधारच जास्त वाटतो. तिकडून खरोखर कोणी येतं का, हा प्रश्न केर घेतच नाहीत. माणूस काय सांगतोय ते ऐका, एवढंच.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती जराही चकित झाली नाही. "आमच्या वेळी याला कोणी अभ्यास म्हणत नव्हतं. ओव्हर देताना सांगायचो, नऊ नंबरला आई दिसतेय, घरच्यांना बोलावून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी तिला रामबागेत तिच्या घरी सोडायला गेलो. मनात गच्चीवरचं "बोलावं लागतं" होतंच. पोहे झाले, वरून शेव-जिरावण झालं, आणि मी विचारलं, "आत्या, तुला कधी भीती वाटली नाही नाइटला?"

"वाटायची ना. जिवंत माणसांची."

मग तिने सांगितलं. पावणेदोनला दारू पिऊन येणारे नातेवाईक, वॉर्डापासून लांब असलेलं स्टाफचं बाथरूम, दिवा नसलेला व्हरांडा, आणि शवागारापर्यंत कागद घेऊन जावं लागलं तर सोबत येणारा वॉर्डबॉय कोण आहे ही पहिली काळजी. मुंबईच्या केईएम इस्पितळात १९७३ च्या नोव्हेंबरात अरुणा शानबाग या नर्सवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. ती पुढे ४२ वर्षं, मे २०१५ पर्यंत, त्याच इस्पितळात अंथरुणाला खिळून होती आणि नर्सेसच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. आत्याच्या ट्रेनिंगच्या बॅचमध्ये सगळ्या मुलींना हे माहीत होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टरचं जे झालं, त्या रात्री आत्याने पुतणीला फोन करून विचारलं होतं, तुमच्या ड्युटीरूमला आतून कडी आहे का? भूतबीत काही विचारलं नाही.

"आणि भूत?" मी म्हटलं.

ती बराच वेळ बशीतल्या शेवेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक सांगते. लिहायचं तर लिही, पण नाव घालू नको. माझंही नाही आणि हॉस्पिटलचंही नाही."

१९८६ ची गोष्ट. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. चाळीस खाटा, शिवाय जमिनीवर गाद्या. रात्री एक स्टाफ नर्स, एक शिकाऊ मुलगी, एक आयाबाई. अकरा नंबरला धारकडचा एक शेतकरी, पन्नाशीचा, पोटात अल्सर फुटलेला. ऑपरेशन होऊन दुसरी रात्र. खाटेला पाटी: एनबीएम. तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सलाइन चालू. तो दर थोड्या वेळाने म्हणायचा, "सिस्टर, थोडा पानी." आत्या जाऊन ओल्या गॉजने ओठ पुसायची. तीन वेळा पुसले. चौथ्यांदा त्याने हाक मारली तेव्हा चार वाजून गेले होते आणि आत्याचे दोन्ही हात एका ॲक्सिडेंटच्या पोराच्या मांडीवर दाबलेले होते, ड्रेसिंगमधून रक्त येत होतं. ती तिथूनच म्हणाली, "सवेरे दूँगी भैया, डॉक्टर साहब को पूछ के." पाऊण तासाने ती अकरा नंबरपाशी गेली तेव्हा तो गेलेला होता.

"मी पाणी दिलं नाही ते बरोबरच होतं," आत्या म्हणाली. "आज विचारलंस तरी नाही देणार. टाके होते आत. डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. त्याला पाण्याने मरण आलं नाही आणि पाण्याने तो वाचलाही नसता. ते मला तेव्हाही कळत होतं."

त्याचा मुलगा व्हरांड्यात झोपला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा. आत्याने त्याला उठवलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. तो रडला नाही. त्याने एकच विचारलं, "आखिरी में पानी पिया था उन्होंने?"

आपल्याकडे शेवटचं पाणी म्हणजे काय असतं हे मी इथे सांगायला नको. घराघरात देव्हाऱ्यापाशी गंगेचा गडू सील लावून ठेवलेला असतो तो त्या एका घोटासाठीच.

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. माझ्या हाताने दिलं म्हटलं." ती थांबली. "त्याने माझ्या पायाला हात लावला रे."

मला काही बोलता आलं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तिने उठून गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली.

त्या नाइटचा पंधरवडा पुढे चालूच होता. तिसऱ्या की चौथ्या रात्री, चारच्या सुमाराला, टेबलाशी बसलेली असताना तिला ऐकू आलं, "सिस्टर, थोडा पानी." तोच आवाज. अकरा नंबरला हर्नियाचा नवा पेशंट घोरत होता. नंतरही दोन-तीनदा ऐकू आलं. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "मला माहितेय तू काय सांगणार. पेंगले होते मी. बारा बारा तासांची नाइट होती, डोळा लागायचा. झोपेत आवाज येतात हे आम्हाला शिकवलं होतं."

"मग?"

"मग काय. एक स्टीलचा पेला भरला आणि अकरा नंबरच्या मागच्या खिडकीत ठेवला. म्हटलं, भैया, पी लो. आवाज बंद झाला."

"कारण तुझ्या मनाचं..."

"असेल मनाचं. पाणी द्यायचं राहिलं होतं, ते दिलं."

पुढे ती त्या वॉर्डात असेपर्यंत नाइटला पेला ठेवायची. बरोबरच्या मुली बघायच्या, विचारायच्या नाहीत. तिची नाइट नसली की त्यांच्यातली कोणीतरी ठेवायची. मग आत्याची बदली लेबर रूमला झाली, मग ओपीडीला, मग ती सिस्टर इन्चार्ज झाली. अकरा नंबरचा विषय तिने कोणाकडे काढला नाही, आत्याच्या यजमानांकडेसुद्धा नाही. त्यात सांगण्यासारखं होतं काय? चूक असती तर कबूल केली असती, मेमो घेतला असता. चूक नव्हतीच. खोटं बोलले म्हणावं तर त्या पोराला काय सांगायला हवं होतं? ओव्हरच्या पुस्तकात या गोष्टीसाठी रकाना नाही. त्यात लिहिलं, बेड नं. ११, ४.५० ला एक्स्पायर, बॉडी नातेवाइकांच्या ताब्यात.

निवृत्तीला एक महिना राहिला होता तेव्हा पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला ती त्या जुन्या वॉर्डात गेली. रात्रीचे नऊ वाजले होते, नाइटचा स्टाफ नुकताच आला होता. वॉर्डाला नवा रंग लागला होता, खाटा बदलल्या होत्या, नंबर मात्र तेच होते. आणि अकराच्या मागच्या खिडकीत पाण्याचा पेला होता.

तिथल्या नव्या मुलीला तिने विचारलं, हे काय? मुलगी आधी लाजली. मग आवाज खाली करून सांगायला लागली. मॅडम, या खाटेवर फार वर्षांपूर्वी एक पेशंट पाणी मागून मागून मेला. नाइटला जी सिस्टर होती ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. त्याने खूप हाका मारल्या, ती उठलीच नाही. उलट ओरडली त्याच्यावर. तेव्हापासून तो चार वाजता पाणी मागतो. त्या सिस्टरचंही पुढे फार वाईट झालं म्हणतात. वेडी झाली आणि गेली. म्हणून आम्ही रोज ठेवतो.

"मी तिच्या समोर उभी," आत्या म्हणाली, "चष्मा लावून, हातात पेन्शनची फाइल."

"मग तू सांगितलंस की नाही तिला, की असं काही नव्हतं झालं म्हणून?"

"वीस-बावीस वर्षांची पोर ती. नाइट सुरू व्हायची होती तिची. पस्तीस पेशंट होते वॉर्डात."

"म्हणजे काहीच बोलली नाहीस?"

"बोलले ना. म्हटलं, पेला उघडा ठेवू नको. झाकण ठेवत जा, डास होतात."